तीनशे बिल्ले

बिल्ला फरशीवर पडला हे मला कानांनी कळलं नाही, तिघांच्या मानांनी कळलं. हंबीररावाच्या सोप्यात रविवारी दुपारी आम्ही चौघं सतरंजीवर बसलो होतो, पानं वाटून झाली होती, आणि एकाएकी तिघंही माझ्या पाठीमागं बघायला लागले. पिराजीची मान वळली, गुंडूची वळली, हंबीरराव तर कमरेपासून वळला, कारण त्याची मान गेली चार वर्षं एकटी वळत नाही. मी तेवढा समोर बघत होतो. मग मीही वळलो, जरा उशिरा, सगळे बघताहेत म्हणून. कोनाड्यातून पडलेला बिल्ला माझ्यापासून हातभर अंतरावर शहाबादी फरशीवर उभ्यानं गरगरत होता. गरगरता गरगरता कलला, थरथरला आणि आडवा झाला. गोल वस्तू फरशीवर निजताना भराभर वाजत जाते आणि मग एकदम गप्प होते, हे मला पाठ आहे. चौतीस वर्षं मी लोखंडाच्या गोल वस्तू पडताना ऐकल्यात. इथं मात्र सगळं दिसलं आणि वाजलं काहीच नाही. "ऱ्हाऊ दे, काचंचा न्हाय त्यो," हंबीरराव म्हणाला, आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं. म्हणून मी स्वतःला म्हणालो, लक्ष नव्हतं, आणि माझी पानं उचलली.

तो बिल्ला हंबीररावाच्या बंगलोरच्या जावयानं आणलेला. परदेशात पोकर म्हणून पत्त्यांचा खेळ असतो, त्यात असले बिल्ले मांडतात, लोक घरी खेळायला त्याचे संच घेऊन ठेवतात, असं सांगून तो नमुन्याला एक ठेवून गेला होता. आमची आपली तीन पत्ती, आणि तीही बावीस वर्षं चिंचोक्यांवर. घरात पैसे लावायचे नाहीत हा हंबीररावाच्या बायकोचा, बनाबाईवहिनींचा कायदा. ज्याचे चिंचोके आधी संपतील त्यानं पुढच्या रविवारी कांदाभजी आणायची, एवढीच हारजीत. पण यंदा चिंचोक्यांना किडा लागला. डबा उघडला की तळाशी भुसा, आणि खेळताना एखादा चिंचोका सतरंजीवर आपल्या पायांनी चालायला लागायचा. गुंडूची पिठाची गिरणी, किड्याचं नाव काढलं तरी त्याला घाम फुटतो. तेव्हा चिंचोके टाकायचे आणि बिल्ले आणायचे असं ठरलं. बाराशेच्या आत बसवायचे, पण फडतूस आणायचे नाहीत. "मग मृत्युंजयलाच धाडा," पिराजी माझ्याकडं बोट करून म्हणाला. "मालाची पारख त्येला. माझ्या टँकरच्या ब्रेकचं ड्रम ह्येनं ठोकून पास केल्यात, बिल्ल्याची काय कथा?" पिराजी दुधाचा टँकर घेऊन शाहूवाडीवरून आंबा घाट उतरतो, रत्नागिरीला जातो आणि परत येतो. पूर्वी रविवारी बाराच्या ठोक्याला हजर असायचा, हल्ली दीड वाजवतो. टँकर हाणतोस का बैलगाडी, म्हणून आम्ही त्याला छळतो. एवढ्यात गुंडूनं फरशीवर दाणकन हात आपटला. "मृत्युंजय, तुझी चाल." ही त्याची वाईट खोड. चालीची पाळी माझी आली की हा तळहात आपटणार, बसल्या जागी मांडीला हादरा बसतो. गिरणीच्या घरघरीत जन्म गेलेला माणूस, त्याला हळू बोलणं, हळू वागणं कुठून ठाऊक असणार, असं म्हणून मी सोडून देत आलो होतो.

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला फौंड्रीत गेलो. शिरोलीच्या एमआयडीसीत बाकीचे लोक लोखंड वितळवतात, ओततात, घासतात. मी ते ऐकतो. ब्रेकचा ड्रम आकड्याला टांगायचा, लहान हातोडीनं कडेवर एक टिचकी द्यायची आणि कान लावायचा. निरोगी ड्रम देवळातल्या घंटेसारखा लांबवर वाजत राहतो. आत कुठं चीर असली, डोळ्याला न दिसणारी केसभर का असेना, की तो बद्द करून थांबतो. वाजला त्याला पांढरा ठिपका, न वाजला त्याला लाल. हे मला भरमाप्पानं शिकवलं. कागलच्या पलीकडचा माणूस, घरी कानडी, बाहेर मोडकी मराठी. मी बावीस वर्षांचा होतो, तो माझ्या डोळ्यांवर आपला तंबाखूच्या वासाचा पंजा ठेवायचा आणि म्हणायचा, "तम्मा, केळु." धाकट्या भावा, ऐक. "डोळं लबाड असत्यात. बगू नको. केळु." त्या अंधारात ड्रम वाजायचा, आणि वाजत वाजत जाऊन पार टोकाला एक बारीक, जवळजवळ गोड असा तंतू उरायचा. तो तंतू तुटेपर्यंत भरमाप्पा पंजा काढायचा नाही. पुढं एक दिवस, काही भांडण नाही, कसला वाद नाही, त्यानं हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आता तू. नोकरीची शेवटची तीन वर्षं तो स्टोअरमध्ये खिळे आणि पोती मोजत बसला. साहेबांशी बिनसलं असणार असं आम्ही सगळे म्हणायचो. त्याला विचारलं की नुसता हसायचा आणि तंबाखू मळायचा. त्याला विचारताना मी समोर उभा होतो की मागं, हे मला आता आठवत नाही.

त्या सोमवारी मी पहिला ड्रम टांगला, टिचकी दिली, आणि तो वाजला. दुसरा वाजला. विसावा वाजला. सगळे छान वाजत होते. सवयीनं पांढरा कुंचला चालत होता आणि सहज माझं लक्ष शेजारच्या लाल डब्याकडं गेलं. डब्यात कुंचला उभा होता. मी तो उचलला तर डबाही वर आला. रंग वाळून दगड झाला होता. मी तसाच तो हातात धरून उभा राहिलो. शेवटचा लाल ठिपका मी कधी दिला? गणपतीच्या आधी, नक्की. कदाचित त्याच्याही आधी. दिवाळीत महांतेश साहेबांनी सगळ्यांसमोर मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, खराब माल इतका कमी या फौंड्रीत कधी निघाला नव्हता म्हणून. टाळ्या वाजल्या होत्या. निदान हात हललेले मी पाहिले होते. मी डबा खाली ठेवला आणि पाठीमागच्या भंगाराच्या ढिगाकडं गेलो. तिथं एक ड्रम पडलेला, साच्यातून काढताना आदळून फुटलेला, बोट घालावं एवढी उघडी चीर. तो उचलून आणला, टांगला. आजूबाजूला घासण्याच्या चाकांच्या ठिणग्या उडत होत्या, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी टिचकी दिली. तो फुटका ड्रम वाजला. लांबवर, घंटेसारखा, शेवटच्या बारीक तंतूसकट सुरेख वाजला. मी तो हातानं धरला, गच्च, लोखंड मुकं होईल इतका गच्च, तरी तो वाजतच होता. तेव्हा मला कळलं की मी लोखंड ऐकत नव्हतो. माझ्याकडं चौतीस वर्षांचा साठा होता आणि प्रत्येक टिचकीला मी त्यातला एक आवाज काढून लावत होतो.

फुटका ड्रम मी भंगारात टाकून आलो आणि उरलेल्या पाळीत पुन्हा पांढरे ठिपके देत राहिलो. ही गोष्ट लपवून उपयोग नाही. मला भीती वाटली आणि तिच्याहून जास्त मला कंटाळा आला. निवृत्तीला दोन वर्षं. सांगायचं म्हणजे साहेबांच्या खोलीत जायचं, मग डॉक्टर, मग कानाला यंत्र, मग स्टोअरमधलं ते स्टूल, आणि सगळ्यांची ती मवाळ नजर. आणि गणपतीपासून, की त्याच्याही आधीपासून, रस्त्यावर गेलेले ड्रम? ते तर आता कुठल्या कुठल्या गाड्यांखाली फिरत होते, शिरोळच्या उसाच्या ट्रकांखाली, पुण्याच्या हायवेला, घाटात. त्यातले बहुतेक चांगलेच असणार. बहुतेक या शब्दावर माणूस किती दिवस झोपू शकतो हे मी त्या आठवड्यात शिकलो. घरी गेलो तर माझी बायको शांता नेहमीप्रमाणं स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मग म्हणाली, "चहा ठेवू का?" पूर्वी हा प्रश्न आतूनच यायचा. कधीपासून ती एवढी चालत येते? मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. "काय झालं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "बिल्ले आणायचेत." आधी बिल्ले आणू, रविवार होऊ दे, मग बघू, असं मी स्वतःशी ठरवलं, आणि ठरवल्यावर जरा बरं वाटलं.

बुधवारी पाळी सुटल्यावर राजारामपुरीत खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. कॅरमच्या सोंगट्या आणि क्रिकेटच्या बॅटी यांच्यामागून दुकानदारानं तीन तऱ्हेचे बिल्ले काढले. पहिले नुसत्या पातळ प्लास्टिकचे, शर्टाच्या बटणासारखे, फुंकर मारली तर उडतील असे. दुसरे मातीच्या जातीचे, हाताला खरखरीत, खानदानी, जावयानं ठेवलेल्या नमुन्यासारखे. पण तीनशेचा संच बाराशेच्या फार वर जात होता. तिसरे मधले, आत लोखंडाची चकती आणि वरून प्लास्टिक, त्यामुळं हातात घेतल्यावर काहीतरी घेतल्यासारखं वाटणारे. मी स्टूल मागून घेतलं आणि कामाला लागलो. दहा दहा बिल्ले एकावर एक रचून पाहिले, उतरंड कलते का. प्रत्येकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, साच्याच्या जोडाची धार राहिलेली नाही ना. मधला कागद नखानं उचकटतो का पाहिलं. लालाचा लाल आणि हिरव्याचा हिरवा सगळीकडं एकसारखा आहे का, ते दारातल्या उजेडात नेऊन पाहिलं, कारण उजेड कमी असला की हिरवा आणि निळा एकच दिसतात आणि मग सोप्यात भांडणं होतात. पोकरचे बिल्ले कुणी असे एकेक करून, तीनशेच्या तीनशे, तपासून घेत नाही हे दुकानदाराच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला मात्र कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. बोटं माझी होती, डोळे माझे होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. चार बिल्ले मी बाजूला काढून बदलून घेतले. "काका, फौंड्रीत हाय काय तुमी?" दुकानदार म्हणाला. "आमचं मामा बी असंच भाजी घेत्यात." मग तो पेटी काढायला पाठमोरा झाला, फळीवर हात घालताना काहीतरी बोलला. त्याचे खांदे हलले तेवढे दिसले. मी म्हणालो, "चालतंय की." त्यानं वळून माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं, आणि न मागता दोनशे रुपये कमी केले. येताना पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली होती. बिंदू चौकापर्यंत लोक माझ्याकडं वळून बघत होते, आणि मी, काय सांगावं, मी जरा ताठ बसून पायडल मारत होतो.

रविवारी मी पेटी सतरंजीच्या मध्ये ठेवली आणि झाकण उघडलं. पाच रंगांच्या ओळी. हंबीरराव "वा" म्हणाला, ते त्याच्या ओठांवर दिसलं. प्रत्येकाला वाटणी झाली. पिराजीनं आपला एक बिल्ला उचलला, कानाजवळ नेला, किंचित हलवला. मग गुंडूकडं पाहिलं. गुंडूनंही एक उचलला, हलवला आणि लगेच खाली ठेवला, गरम लागल्यासारखा. दोघांनी हंबीररावाकडं पाहिलं. हे सगळं दोनतीन क्षणांत झालं, आणि मी माणसांच्या तोंडाकडं बघून जगायला शिकलो नसतो तर मला दिसलंही नसतं. "बेस हायत," पिराजी म्हणाला. "एक लंबर माल," गुंडू म्हणाला. खेळ सुरू झाला. पण रंगेना. चाल करताना गुंडू बिल्ले फेकत नव्हता, अंड्यासारखे अलगद मांडत होता. पिराजी आपली उतरंड हातानं दाबून धरत होता. बावीस वर्षं आदळआपट करणारी ही माणसं त्या दुपारी आजारी माणसाच्या खोलीत बसल्यासारखी खेळत होती. मग बनाबाईवहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, माझ्यासमोरच वाकल्या, ट्रे ठेवताना त्यांच्या पदरानं एक उतरंड ढासळली. त्या थबकल्या. "अगं बया," त्या म्हणाल्या, "ह्ये काय खुळखुळ्यावानी वाजतंय?" "फ्यान," हंबीरराव म्हणाला. "फ्यानचं बेरिंग गेलंय." वहिनींनी वर पाहिलं. पंखा बंद होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ट्रे तिथंच ठेवून त्या आत गेल्या.

मी एक बिल्ला उचलून कानाजवळ हलवला. काही नाही. मग तो दातांत धरला आणि हलवला, भरमाप्पा शेवटी शेवटी हातोडीचा दांडा दातांत धरून ड्रमला टेकवायचा तसा. ते मी कसं विसरलो होतो कुणास ठाऊक. दाताला कळलं. आतली लोखंडी चकती सैल होती, टक्‌टक् हलत होती. दुसरा धरला, तोही तसाच. तिसराही. तीनशे खुळखुळे मी पारखून, रंग जुळवून, धार बघून आणले होते. पाठमोरा दुकानदार काय म्हणाला असेल तेही आता कळलं: थोडं वाजतात हं, सांगून देतो. भला माणूस. मी बिल्ला तोंडातून काढला, सदऱ्याला पुसला. "कधीपासून ठाऊक हाय तुमाला?" मी विचारलं. हंबीरराव चहात बघत होता. गुंडूनं हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला, आणि तो हात पाहून मला दुसरंही कळलं. फरशी आपटणं ही खोड नव्हती. "दोन वर्सं झाली असत्याल," गुंडू म्हणाला. चेहरा समोर धरून, सावकाश. "तुला वाईट वाटंल म्हनून."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट एक मोठी, अंग मोडणारी दमणूक आली, फार दिवस उचलून धरलेली वस्तू दुसऱ्यांनीही खालून धरली होती हे कळल्यावर येते तशी. मग मी पिराजीकडं वळलो, कारण त्याला विचारायचं ते वेगळं होतं आणि ते मला सोमवारपासून विचारायचं होतं. "तुज्या टँकरला नवं ड्रम कवा बसवलं?"

"गेल्या पाडव्याला."

"आमचंच?"

"व्हय. पांढरा ठिपका बगूनच घेतलं की." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही.

"तवा तुला ठाऊक हुतं, मला ऐकू येत न्हाय?"

पिराजीनं आपले बिल्ले एकावर एक रचले, पुन्हा मोडले. "व्हय," तो म्हणाला.

"मग कसं बसवलंस रं?"

"आता तू पास केल्यालं. न्हाय कसं म्हनू?" तो माझ्या तोंडाकडं न बघता बोलत होता, मग आठवण झाल्यासारखं त्यानं मान वर केली आणि तेच पुन्हा सांगितलं. "त्यात काय हाय एवढं. मी आपला दुसऱ्या गेरात उतरतो घाट. ब्रेक लावायचाच न्हाय शक्यतो. जरा येळ लागतो, एवढंच."

दीड वाजता येणारा पिराजी. बैलगाडी म्हणून ज्याला आम्ही वर्षभर हसलो तो. दररोज, भरलेला टँकर घेऊन, मागच्या गाड्यांच्या शिव्या खात, माझ्या कानांची लाज राखायला तो आंबा घाट पायपाय उतरत होता. आणि बाकीच्या ड्रमांचे ड्रायव्हर? ते काही माझे मित्र नव्हते. त्यांना दुसऱ्या गेरात उतरायला कुणी सांगितलेलं नव्हतं, ते पांढऱ्या ठिपक्याच्या भरवशावर उतरत असणार. मी चहा प्यालो. गार झाला होता. कुणीच पानं उचलली नाहीत, आणि थोड्या वेळानं हंबीररावानं चिंचोक्यांचा जुना डबा कोनाड्यातून काढला, उन्हात नेऊन झटकला आणि परत आणला. गुंडू किड्यांना काही बोलला नाही. त्या दुपारी मी जिंकलो की हरलो ते आठवत नाही.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी मी माझ्या टेबलापाशी गेलो. रात्रपाळीचे ड्रम आकड्यांवर तयार टांगलेले, हातोडी जागेवर. महांतेश साहेब घासणाऱ्यांच्या रांगेतून येत होते, घासण्याची चाकं लागलेली, ठिणग्या चालू. मी हातोडी उचलून त्यांच्या हातात दिली. ते हसले, त्यांना वाटलं हातोडीचा दांडा ढिला झालाय. त्यांचे ओठ हलले. मी म्हणालो, "साहेब, मला ऐकू येत न्हाय. गणपतीपासनं ग्येल्यालं ड्रम परत मागवा. जास्तच मागवा, त्येच्या आधीचं बी." मला वाटलं मी हळूच सांगितलं, त्यांच्या एकट्याच्या कानात सांगावं तसं. पण एकेक करून ठिणग्या थांबल्या, आणि त्या लांबच्या लांब रांगेतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.